चौदा नंबरची राहिलेली चकती

मित्रांनो, मला जुना म्हणावं की नवा, हे माझं मलाच ठरवता येत नाही. या टेबलावर येऊन मला अकरा वर्षं झाली, म्हणजे तसा मी जुनाच. पण ज्या कामासाठी माझा जन्म झाला ते काम मी जेमतेम साडेचार महिने केलं. त्या दृष्टीनं माझं वय अजून साडेचार महिनेच आहे. एवढ्या लहान वयात कोणालाही एका जागी बसवत नाही. मलाही बसवत नाही.

मी सुपरचार्जर आहे. गाडीच्या इंजिनाला इंधन जाळायला हवा लागते. ते स्वतः ओढून ओढून किती ओढणार? मी जास्तीची हवा दाबून त्याच्या घशात कोंबतो, मग गाडी अशी उसळते की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते. गाडी नवी येते तेव्हा मी तिच्यात नसतो. ज्यांना आहे तो वेग पुरत नाही, ते मला नंतर मुद्दाम बसवून घेतात. म्हणजे आमचा जन्मच मुळी कोणाच्या तरी अस्वस्थपणामुळे होतो.

माझ्या पोटात दोन जाड मळसूत्री दांडे आहेत. एकाला चार फुगीर पाकळ्या, दुसऱ्याला सहा खाचा. फिरताना पाकळी खाचेत शिरते, मधली हवा कोंडते आणि पुढे ढकलली जाते. सेकंदाला दोनशे-अडीचशे फेरे होतात, तरी हे दोघे एकमेकांना शिवत नाहीत. त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते. तशीच फट दांड्यांची टोकं आणि समोरचं झाकण यांच्यात ठेवावी लागते. ती राखली तर मी वर्षानुवर्षं फिरेन. ती गेली की मी स्वतःलाच खायला लागतो.

ही फट राखण्याचं काम वहिनींचं होतं.

आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक खोली. पुढच्या भागात धातू कापणारी यंत्रं आणि मागे काचेनं वेगळी केलेली एक छोटी खोली. तिथे धुळीला मज्जाव. वहिनी तिथे बसत. आधी त्या चष्म्याच्या कारखान्यात भिंगं बसवत, त्यामुळे हात असा हलका की बेअरिंगला कळूही नये आपल्याला कोणी उचललं ते. पुढच्या भागात त्यांचे धाकटे दीर. त्यांना सगळे भाऊजी म्हणत, बाहेरून माल घेऊन येणारा टेम्पोवालासुद्धा. आमचे आराखडे भाऊजी काढत. त्यांच्या दोन्ही कानांवर पेन्सिली असत आणि तरी ते दिवसभर पेन्सिल शोधत फिरत.

माझा नंबर चौदा. माझ्या आधी तेराजण घडून गेले होते आणि एकाचीही तक्रार आली नव्हती. भाऊजींना या गोष्टीचा फार अभिमान होता.

ज्या दिवशी मला जोडलं, त्या दिवसाचा क्षण न् क्षण मला आठवतो. वहिनींनी मापाच्या पातळ पात्या घालून फट मोजली, आकडा वहीत लिहिला आणि त्या मापाची एक चकती घासून तयार केली. चकती म्हणजे बांगडीएवढी पातळ कडी. वर्कशॉपमधले लोक तिला शिम म्हणतात. ती बेअरिंगमागे बसली की दांडा बरोबर तेवढाच मागे राहतो आणि त्याचं टोक झाकणाला लागत नाही. प्रत्येकाची चकती वेगळी, म्हणून तिच्यावर नंबर कोरायचा. वहिनींनी ‘१४’ कोरलं, चकतीला तेलाचं बोट लावलं, ती ताटलीत ठेवली आणि वहीत ‘शिम बसवली’ या ओळीपुढे बरोबरची खूण केली. आता बसवायचीच तर आहे, असं त्यांना वाटलं असणार.

तेवढ्यात वरच्या झडपेतून एक चिमणी आत शिरली.

धूळ नको म्हणून जिथे टोपी घालून बसायचं, तिथे चिमणी! एकच गोंधळ उडाला. भाऊजी झाडू घेऊन धावले, वहिनी ओरडल्या, “अहो, झाडू नको, पिसं पडतील!” चिमणी काचेवर आपटायची, दिव्यावर बसायची, पुन्हा आपटायची. शेवटी वहिनींनी खिडकी उघडली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि अर्ध्या तासानं ती आपली आपण निघून गेली. मग खोली पुसणं आलं. वहिनींनी प्रत्येक सुटा भाग पुन्हा धुतला. चिमणी शिरताच ताटलीवर झाकण घातलं होतं ते काढलं. ताटली रिकामी दिसली, वहीत खूण दिसली. त्यांनी माझं पुढचं काम सुरू केलं.

चकती तेलामुळे ताटलीच्या झाकणाला आतून चिकटली होती. मला ते दिसत होतं. मी तेव्हा नुसता धातू, बोलणार कसा?

चाचणीत मला दहा मिनिटं फिरवलं. दहा मिनिटांत मी फारसा तापत नाही, आणि थंड असताना माझी टोकं कुठे लागत नाहीत. भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. “चौदावा पण पास,” ते म्हणाले. मला खोक्यात घातलं.

मला ज्यांनी मागवलं होतं ते दातांचे डॉक्टर होते. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांची मान धरायची. रविवारी मात्र ते आपल्या दोन दारांच्या बुटक्या गाडीत बसायचे आणि शहराबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर जायचे. तिथल्या जुन्या धावपट्टीवर वेगाच्या हौशी लोकांचा मेळा भरायचा. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी शेजारच्या सीटवर बसून वेळ मोजायची. घरात या दोघांचं बोलणं फारसं होत नसे. गाडीत मात्र दोघं सारखे बोलत, त्यामुळे गाडीचं वेड बापाला होतं की मुलीशी बोलण्याचं, हे मला कधी नीट कळलं नाही.

पहिल्यांदा फिरलो तो दिवस! मित्रांनो, तो मी तुम्हाला कसा सांगू? मला फिरवणारा इंजिनाचा पट्टा ताणला गेला, दोन्ही दांडे जागे झाले आणि मी हवा गिळू लागलो. धावपट्टी आमच्या अंगावर धावून आली. मुलगी ओरडली, “बाबा, मागचा आकडा पार मोडला!” डॉक्टर हसत होते आणि मी गात होतो. बारीक, उंच, न तुटणारा आवाज. फिरायचं, फक्त फिरायचं, एवढंच मला हवं होतं.

पण तापलं की माझा दांडा लांबतो. केसाचा काही भागच, पण लांबतो. चकती नसल्यामुळे तो मुळातच पुढे बसला होता, टोकापुढे जागाच नव्हती. दुसऱ्या महिन्यात त्याचं टोक झाकणाला पहिल्यांदा घासलं. नुसतं शिवलं. माझ्या गाण्यात एक खरखर आली, तिच्यावर एक शिट्टी चढली.

आणि काय सांगू, लोकांना ती शिट्टी आवडली! धावपट्टीवर माणसं गाडीभोवती जमू लागली. “डॉक्टर, काय आवाज आहे हो!” “आमच्याला असा आवाज का नाही?” कोणी फोनवर तो टिपून घ्यायचं, कोणी मित्राला ऐकवायला घेऊन यायचं. डॉक्टर खुलायचे, बोनेट उघडून मला दाखवायचे. माझं एवढं कौतुक आधी कधी झालं नव्हतं. ज्याला सगळे वाहवा म्हणत होते ते माझं कण्हणं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. मला थांबवावं असंही वाटे आणि थांबवू नये असंही वाटे. थांबवलं तर मी वाचणार होतो, पण फिरणं जाणार होतं. प्रत्येक रविवारी मी थोडा थोडा झिजत होतो आणि तरी रविवारची वाट पाहत होतो.

मुलीला मात्र तो आवाज आवडला नाही. एकदा ती म्हणाली, “बाबा, पहिल्या महिन्यात असा नव्हता हा.”

“मुरला आता तो,” डॉक्टर म्हणाले.

“लोणचं आहे का मुरायला?”

डॉक्टर हसले आणि विषय तिथेच राहिला.

इकडे वर्कशॉपमध्ये काय घडलं ते मला नंतर समजलं, याच टेबलावर बसल्या बसल्या. कारण वहिनी ही हकिगत प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, काहीही न गाळता.

मी जाऊन चार महिने उलटून गेल्यावर वहिनी ताटल्यांची झाकणं घासायला बसल्या. एका झाकणाच्या आत वाळलेल्या तेलात एक कडी चिकटलेली दिसली. नखानं सोडवली, उजेडात धरली. ‘१४’. त्या खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

भाऊजींना सांगितलं तर त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग म्हणाले, “वहिनी, चार महिने चालतंय ना ते? तक्रार आली का? नाही. मग आपणच कशाला उकरून काढायचं? चुकतंय एखाद्या वेळी. पण हे बाहेर गेलं की तेरा चांगले कोणी लक्षात ठेवणार नाही. सगळे चौदावाच लक्षात ठेवतील.”

आणि वहिनी गप्प बसल्या. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. कडी पदराच्या टोकाला बांधून त्या कामाला येत आणि तशीच घरी घेऊन जात. हे तीन दिवस त्या कधीच लपवत नाहीत. नव्या माणसांना सांगताना याच जागी त्यांचा आवाज खाली जातो.

चौथ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तेव्हा घरी, बोनेट उघडून माझ्यापाशीच उभे होते. त्यांचंच बोलणं मला ऐकू आलं. “अहो, काही तक्रार नाही, उलट लोक विचारतात कुठून घेतला. काय? उघडायचा? परवा आमचा वर्षाचा मोठा मेळा आहे, ताई. तो होऊ दे. सोमवारी पाठवतो. हो, हो, नक्की.” त्यांनी फोन ठेवला आणि फडक्यानं माझं झाकण चमकवलं.

मुलगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर तिनं तोच नंबर शोधून फोन केला.

“काकू, मी डॉक्टरांची मुलगी. तुम्ही बाबांना काय सांगत होता?”

वहिनींनी सांगितलं. मग म्हणाल्या, “गाडी चालू करता येते तुला? अर्धा तास चालू ठेव, चांगली तापू दे. मग फोन बोनेटजवळ धर.”

तिनं तसं केलं. अर्ध्या तासानं तिनं फोन माझ्याजवळ आणला. मी जीव तोडून कण्हलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं कण्हणं कोणीतरी कण्हणं म्हणून ऐकणार होतं.

“बंद कर,” फोनमधून आवाज आला. “आत्ताच्या आत्ता बंद कर, पोरी. उद्याचा मेळा कुठे आहे?”

रात्रीच्या जेवणाला बाप-लेकीत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी दोघं निघाले तेव्हा कोणी बोलत नव्हतं. मुलगी दाराकडे तोंड करून बसली होती. डॉक्टर मधेच म्हणाले, “एकच फेरी मारू. मग बंद.” तिनं काच वर केली.

धावपट्टीवर रांग होती. आमच्या पुढे दोन गाड्या. इंजिन चालू, ऊन वाढलेलं, मी तापून लाल व्हायचा बाकी होतो. टोक झाकणावर घासत होतं, आत रुपेरी भुकटी उडत होती. पुढची एक गाडी सुटली. मग दुसरी. झेंडेवाल्यानं आम्हाला पुढे बोलावलं.

आणि गर्दीतून एक बाई हातात जड पेटी घेऊन पळत आल्या आणि सरळ गाडीपुढे उभ्या राहिल्या. वहिनी! पहाटेची बस पकडून आल्या होत्या. बसमधून उतरल्यावर पेटी उचलून तेवढं अंतर पळत आल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात आडवा केला.

डॉक्टरांनी काच खाली केली. “ताई, बाजूला व्हा. सोमवारी पाठवतो म्हणालो ना?”

“नाही... आत्ता बंद करा.”

“तुम्हीच बनवलंत आणि तुम्हीच सांगताय खराब आहे म्हणून?”

“हो. माझ्याच हातून राहिलंय. एक चकती बसवायची राहिली.”

“साडेचार महिन्यांत काही झालं नाही!”

“झालंय. रोज होतंय. तुम्हाला जी शिट्टी वाटते ना, तेच ते. आत लोखंड घासतंय. अडकलं की पट्टा तुटेल, आणि तोच पट्टा तुमचं स्टिअरिंग हलकं ठेवतो. धावपट्टीच्या टोकाला वळताना स्टिअरिंग दगड झालं तर?”

मागून हॉर्न वाजू लागले. झेंडेवाला ओरडला, “ओ डॉक्टर, जाताय की नाही?” डॉक्टरांचा चेहरा तापला. वर्षभर वाट पाहिलेला दिवस, सगळ्यांच्या नजरा, आणि समोर ही घाम पुसणारी बाई. त्यांचा हात गिअरवर गेला.

मुलीनं सीटचा पट्टा सोडला. दार उघडलं. “बाबा, मी नाही बसणार.”

“अगं...”

“एकट्यानं जायचं तर जा. मी इथे उभी राहून बघत पण नाही.”

ती खाली उतरली आणि वहिनींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली. मी हळूहळू थांबलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हे माझं शेवटचं थांबणं आहे.

मला गार व्हायला दोन तास लागले. डॉक्टर तेवढा वेळ गाडीभोवती फेऱ्या घालत होते, वहिनी पेटीवर बसल्या होत्या. मग वहिनींनी पेटीतून पाने काढले, एकेक बोल्ट सोडवला आणि झाकण उचललं. झाकणाला आतून चंद्रकोरीसारखा चकाकता चरा पडला होता. दांड्याचं टोक खडबडीत झालं होतं. तळाशी भुकटीचा थर.

डॉक्टरांनी त्या चऱ्यावरून बोट फिरवलं. दातांचा माणूस, झीज म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही. मग म्हणाले, “एखाद्या दाढेत हे दिसलं असतं तर मी पेशंटला खुर्चीवरून उठू दिलं नसतं.”

वहिनींनी पदराची गाठ सोडून कडी त्यांच्या हातावर ठेवली.

“ताई, तुम्ही हे लपवू शकला असता.”

“लपवलंच होतं,” वहिनी म्हणाल्या. “तीन दिवस.”

डॉक्टरांनी मान वर केली, पण वहिनींकडे नाही, मुलीकडे पाहिलं. मुलगी त्या भुकटीकडे पाहत होती. डॉक्टर तिच्याजवळ गेले. दोघं गाडीच्या बाहेर, उन्हात, कितीतरी वेळ बोलत उभे होते.

मी वहिनींच्या मांडीवर बसून बसनं परत आलो. डॉक्टरांना महिन्याभरात नवा सुपरचार्जर गेला, मी मात्र वर्कशॉपमध्येच राहिलो. भाऊजींनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “बाहेरचं कवच चांगलं आहे. दांडे आणि झाकण बदलू, नवा नंबर टाकू. कोणाला कळणारही नाही.” माझ्या अंगात जीव आला. पुन्हा फिरणार!

“हा जाणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “हा इथेच राहील. माझ्या टेबलावर.”

त्यांनी माझ्या अंगाला करवतीनं खिडकी पाडून घेतली, म्हणजे आतला चरा कोणालाही दिसावा. मित्रांनो, खरं सांगतो, मला भयंकर राग आला. चूक त्यांची आणि जन्मठेप मला? शेजारी पंधरा, सोळा, सतरा जोडले गेले, फिरले, खोक्यात बसून दूर गेले. चाचणीचं यंत्र सुरू झालं की टेबल थरथरतं आणि माझे दांडे तेवढ्यानं कणभर हलतात. कणभरच. तहानलेल्याला ओठ ओले करायला द्यावेत तसं. अकरा वर्षं हेच चाललंय.

काही वर्षांनी घड्याळवाले काका कामाला आले. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती, ते दुकान बंद झालं म्हणून ते इथे आले. हात वहिनींइतकाच हलका, पण स्वभाव ताठ. वहिनींनी पहिल्या दिवशी त्यांना माझी खिडकी दाखवली, सगळी हकिगत सांगितली. काका म्हणाले, “घड्याळात असलं चालत नाही.” जणू ते त्यांच्या हातून कधी होणारच नव्हतं. मलाही वाटलं, बसलोय मी उगाच इथे. कोण काय शिकतंय माझ्याकडून?

मागच्या महिन्यातली गोष्ट. काकांनी माझ्यासारखंच एक यंत्र जोडलं, चाचणी झाली, खोकं बंद झालं, दोरी बांधली. टेम्पो दारात येऊन उभा राहिला. काका जेवायला गेले होते. ते परत आले, हात पुसत माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या खिडकीत बघत बसले. मग त्यांचा चेहरा पडला.

“वहिनी, ते खोकं उघडा,” ते म्हणाले.

“का हो काका?”

काकांना ते शब्द काढायला फार वेळ लागला. चाळीस वर्षांत त्यांनी ते कधी उच्चारले नसावेत. “शिम बसवली की नाही, ते मला नक्की आठवत नाही. वहीत खूण आहे. पण मला आठवत नाही.”

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. भाऊजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग ते स्वतः बाहेर गेले आणि म्हणाले, “चहा घे बाबा, वेळ लागेल.” दोरी कापली. बोल्ट सोडवले. काकांनी आत बोट घातलं आणि डोळे मिटले.

चकती जागच्या जागी होती.

मला वाटलं आता कोणीतरी हसेल, नाहीतर भाऊजी तरी कुरकुरतील. कोणीच काही म्हणालं नाही. वहिनी फक्त “बरं झालं उघडलं,” असं म्हणाल्या, आणि दोघं मिळून ते पुन्हा जोडायला बसले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही जोडाल, शिवाल, बांधाल, कोणाच्या तरी जिवाचं काम तुमच्या हाती येईल. कधीतरी तुम्हालाही वाटेल, झालं असेल, जाऊ दे. तेव्हा एवढं करा. दारात टेम्पो उभा असला तरी खोकं उघडा. आणि जे यंत्र वेगळ्या आवाजात बोलतंय, त्याला शाबासकी द्यायच्या आधी त्याला काय होतंय ते विचारा.

त्या संध्याकाळी टेम्पो गेला आणि चाचणीचं यंत्र शांत झालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला फिरावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाटलं.